मागचा डावा स्पीकर

हेलिकॉप्टर समोरून आलं, बिरप्पाच्या डाव्या कानाजवळून मागं गेलं आणि उजव्या कानाजवळून परत पुढं आलं. दोन्ही वेळा बिरप्पानं मान वळवून त्याला बघितलं. तिसऱ्या फेरीला तो खुर्चीतच खाली वाकला, कारण या खेपेला ते जरा खालून चाललंय असं त्याला वाटलं.

"कसं वाटलं, आबा?" नागनाथनं विचारलं. नवी पेठेतल्या आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीला तो डेमो रूम म्हणायचा. गिऱ्हाईक नसलं की तिथं रिकामी खोकी ठेवायचा आणि दुपारी डबा खायचा.

"इमान ब्येस हाय," बिरप्पा म्हणाला. "पन मला इमान नगं. मला मेंढरं पायजेत."

नागनाथला या धंद्यात वीस वर्षं झाली होती. लोकांनी त्याच्याकडं धमाका मागितला होता, डीजे मागितला होता, एका मास्तरांनी तर बायकोला ऐकू जाणार नाही असा स्पीकर मागितला होता. मेंढरं पहिल्यांदाच.

"मेंढरं ह्याच्यात येत न्हाईत, आबा. ती तुमी आणायची. हे नुसतं वाजवतंय."

"आणतो की."

शेजारी बसलेला बिरुदेव, बिरप्पाचा मुलगा, मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं करत होता. तो पतसंस्थेत कारकून होता आणि चारचौघांत बाप मेंढरांवर आला की त्याला नेहमी कुणाचा तरी मेसेज यायचा. "आप्पा, त्यापेक्षा साउंडबार घेऊ," तो म्हणाला. "वायरचं लचांड न्हाय. टीव्हीखाली ठेवलं की झालं."

नागनाथनं लगेच एक काळं दांडकं काढून दाखवलं. "ह्याच्यातनं पुढचा, मागचा, सगळा आवाज येतोय. भिंतीवर आपटून मागनं आल्यागत वाटतंय."

"वाटतंय, का येतंय?"

"वाटतंय."

"मग नगं. मागनं यायचं ते मागनंच आलं पायजे. डावीकडनं."

शेवटी नागनाथनं स्वस्तातला फाइव्ह पॉइंट वनचा खोका उघडला आणि वस्तू टेबलावर मांडल्या. पुढचे दोन, मधला एक, मागचे दोन. "हे पाच. आन् ह्यो मोठा डबा वरचा एक. ह्यो नुसता घुमतोय. ह्याला घरात कुटंबी ठेवा, चालतंय."

"म्हंजे कुत्रं," बिरप्पा म्हणाला.

वीस वर्षांत सबवूफर इतक्या थोडक्यात कुणी समजून घेतला नव्हता.

"मागच्या डाव्याची ग्यारंटी किती?"

"सगळ्या सेटची एक वर्ष."

"सगळ्याचं ऱ्हाऊ द्या. मागच्या डाव्याची किती?"

बिरुदेवला पुन्हा मेसेज आला.

*

त्याचं कारण असं होतं. पन्नासेक दिवसांपूर्वी सकाळी चूळ भरता भरता बिरप्पाच्या बायकोच्या, फुलाबाईच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. आठ दिवस दवाखान्यात ठेवून तिला जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर परत आणलं. चार वर्षांपूर्वी मेंढरं विकल्यापासून म्हातारा-म्हातारी तिथं मुलाकडंच राहत होती. फुलाबाई बोलत होती, माणसं ओळखत होती, सूनबाईच्या भाजीला नावं ठेवत होती. म्हणजे तब्येत सुधारत होती. फक्त डावीकडचं जग तिच्या हिशेबातून गेलं होतं.

ती भाकरीचा उजवा अर्धा खायची आणि रिकाम्या ताटाकडं बघितल्यासारखं बघत म्हणायची, "दिपाली, अजून वाढ की गं. उपाशी मारतीस काय?" डावी अर्धी भाकरी ताटातच असायची. केस विंचरायची ते उजवीकडचेच. आरसा दिला तर समाधानानं परत द्यायची.

फिजिओथेरपीला येणारी धम्मप्रिया कडक मुलगी होती. स्कूटीवरून यायची, अर्धा तास घ्यायची, चहा घ्यायची नाही. तिनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. "काका, मावशींच्या मेंदूला डावी बाजू आहे हेच आठवत नाही. ती आठवून द्यायची. पाणी डावीकडून द्या, बोला डावीकडून. ताट फिरवून द्यायचं नाही. तुम्ही उजवीकडं जाऊन बसलात की त्यांना आयतं दिसतंय. मग त्या मान कशाला वळवतील?"

"किती दिस?" बिरप्पानं विचारलं.

"वळेपर्यंत."

घरातली बाकीची माणसं हा नियम सोयीप्रमाणं पाळायची. दिपाली घाईत असली की उजवीकडून घास भरवायची, बिरुदेव ऑफिसला जाताना उजवीकडूनच पाया पडायचा. नियम पाळला तो एकट्या बिरप्पानं. अर्ध्यावर सोडलेल्या औषधानं मेंढरू मरतं, औषधानं मरत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं हॉलमधल्या तिच्या पलंगाच्या डाव्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकली, पाठीला घोंगडी अडकवली आणि बसला. त्या दिवसापासून फुलाबाईला नवरा दिसला नाही.

ऐकू मात्र यायचा. पण डावीकडून आलेला आवाजही तिला उजवीकडूनच आल्यासारखा वाटायचा आणि उजवीकडं होती खिडकी.

"फुले, पानी पिती का?" तो खुर्चीतून विचारायचा.

ती खिडकीकडं तोंड करून म्हणायची, "बाहीर काय उभारलाय? आत या की."

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीबाहेर पारव्याला धड टेकायला जागा नव्हती. पण फुलाबाईच्या लेखी बिरप्पा चाळीस दिवस तिथंच उभा होता, एप्रिलच्या उन्हात. "पटका तरी नीट गुंडाळा," ती खिडकीला सांगायची. "डोस्कं तापंल." बिरप्पा खुर्चीत बसून पटका नीट करायचा.

उरलेली डावी अर्धी भाकरी तो खायचा.

धम्मप्रियाच एकदा म्हणाली होती, "नुसतं बोलून नाही भागायचं, काका. ओळखीचा, मोठा आवाज पाहिजे. ऐकल्यावर जागचं उठून धावावं असं वाटेल असा." आधी मोबाईल डाव्या कानाशी धरून बघितला. फुलाबाई खिडकीला म्हणाली, "कुनाचा फोन आलाय, घ्या की." तेव्हा बिरुदेवनं मोठ्या स्पीकरचं सुचवलं. गेली तीन वर्षं त्याला टीव्हीसाठी सराउंड साउंड हवा होता. मातृभक्ती आणि क्रिकेटचा सीझन एकाच महिन्यात आले, याला तो बिचारा काय करणार.

*

मेंढरं आणायला बिरप्पा मंद्रूपला गेला. कळप अजिनाथनं घेतला होता, लांबचा भाचा. चार वर्षांत निम्मी मेंढरं बदलली होती. बाकीच्यांनी ओळख दाखवली नाही. कान फाटलेली एक म्हातारी मेंढी तेवढी जवळ आली, तीही त्याच्या खिशातल्या शेंगदाण्यांसाठी. घंटा मात्र त्याच होत्या, बिरप्पानं मैंदर्गीच्या बाजारातून एकेक पारखून आणलेल्या. कळप माळावरून निघाला तसा तो मोबाईल हातात धरून चालू लागला.

"मामा, अजून डावीकडंच व्हय?" अजिनाथ हसला. "त्यो लांडगा कवाच मेला असंल की."

बिरप्पानं खाली बघितलं. खरंच, पाय आपोआप कळपाच्या डाव्या अंगाला आले होते. लग्नाच्या पहिल्या साली भीमेच्या काठावर लांडगा डावीकडून आला होता, तेव्हा बिरप्पा उजवीकडं विडी ओढत बसला होता. सात कोकरं गेली. फुलाबाई एक शब्द बोलली नाही, तीन दिवस. चौथ्या दिवसापासून डावी बाजू त्याची झाली आणि उजवी तिची. मग चाळीस-बेचाळीस वर्षं, दिवाळी झाली की विजापूरकडं आणि पावसाला परत, ती दोघं कळपाच्या दोन अंगांनी चालली. मधे शंभर मेंढरं असल्यामुळं बोलणं ओरडूनच व्हायचं. भांडण करायचं म्हटलं तरी सगळ्या शिवाराला कळायचं, म्हणून ते फारसं झालं नाही.

"गप की रं, रेकॉर्ड व्हतंय," तो अजिनाथला म्हणाला. मग त्याला खोकला आला. तोही रेकॉर्ड झाला. त्यानंतर चार मिनिटं नुसत्या घंटा.

*

रविवारी नागनाथ स्वतः ड्रिल घेऊन जोडणीला आला. पहिल्या भोकाला नळाची पाइप लागली. पाणी बंद करून दुसरं भोक पाडलं, तर मागच्या स्पीकरांच्या वायरी हातभर कमी पडल्या.

"कंपनीला वाटतंय की लोकांचा हॉल बारका असतो," नागनाथ म्हणाला.

"मग फ्लॅटवाल्याला का वाटत न्हाय?" दिपाली म्हणाली. तिला बाहेरून पाणी भरून आणावं लागलं होतं.

शेवटी मागचा डावा स्पीकर छतातल्या पाळण्याच्या कडीला टांगला. पाळणा अजून लागला नव्हता, बिरुदेव-दिपालीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. कडीचा काहीतरी उपयोग झाला.

सगळं लागल्यावर बिरप्पा देव्हाऱ्यातून भंडारा घेऊन आला. नव्या वस्तूला, नव्या मेंढराला, नव्या सुनेला, तो मूठ सैल सोडून भंडारा उधळायचा. कुत्र्यावर, म्हणजे सबवूफरवर, त्यानं जरा जास्तच उधळला. जाळीतून निम्मा आत गेला.

"आबा, ग्यारंटीत भंडारा बसत न्हाय," नागनाथ हळूच म्हणाला.

"देवाची ग्यारंटी वायली असती," बिरप्पा म्हणाला.

नागनाथनं बटण दाबलं. निळा दिवा लागला, सबवूफरमधून थोडा पिवळा धूर निघाला आणि पाची बाजूंनी एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून घ्या."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. फुलाबाईनं खिडकीकडं मान केली. "कोन भाजतंय?"

"लसूण सोलून घ्या," बाई म्हणाली. "उखळात कांडलं तर चव वेगळीच येते."

वरच्या मजल्यावरच्या शिवम्मा मोबाईलवर चटणीची कृती बघत होत्या आणि त्यांच्या फोननं बिरप्पाच्या नव्या यंत्राशी परस्पर संधान बांधलं होतं. नागनाथ जिना चढून वर गेला. खाली त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, कारण शिवम्मांनी गोंधळून आवाज आणखी वाढवला होता. तो परत येईपर्यंत चटणी तयार झाली होती.

मग बिरुदेवनं बिरप्पाचा रेकॉर्डिंगचा फोन जोडला आणि नागनाथला म्हणाला, "एकदा फुल सराउंडवर लावून बघू. पैसे दिलेत तर पाचीबी वाजू द्या की."

"मागचा डावा एकटा लावायचा हुता," बिरप्पा म्हणाला.

"लावू की आप्पा. आधी सगळं चेक करू."

पहिल्यांदा खोकला आला. बिरप्पाचा, पाच ठिकाणांहून. आणि मग घंटा.

दुसरी घंटा वाजली तेव्हाच बिरप्पाच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीतून उठला, पण उशीर झाला होता. कळप नीट चालत असला की घंटांचा आवाज एका बाजूनं येतो, सावकाश, एका ओळीत. पुढून, मागून, दोन्ही अंगांनी एकदम घंटा वाजल्या तर त्याचा अर्थ धनगराच्या पोराला पाळण्यात कळतो. मेंढरं फुटली. शिवाय खालून कुत्रं घुमत होतं, खुरांच्या पळापळीसारखं. चाळीस वर्षं रानात काढलेल्या माणसाला हे दुकानातच कळायला पाहिजे होतं. दुकानात हेलिकॉप्टर होतं.

"फुटली," फुलाबाई म्हणाली. तिनं उजव्या हाताच्या कोपरावर अंग उचललं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय उठली होती. हात काठी शोधत होता. काठी नव्हती, म्हणून तिनं स्टुलावरचा तांब्या उचलून खिडकीच्या दिशेनं फेकला. "हुर्र, हुर्र, हितं ये, हितं," ती ओरडली. आवाज जुना होता, शिवारभर जाणारा.

बिरुदेवनं घाबरून रिमोट दाबला. आवाज वाढला.

"आई, डावीकडं बघ," तो ओरडला. त्याला वाटलं, हीच वेळ आहे. "डावीकडं बघ, आई, डावीकडं हायेत मेंढरं."

फुलाबाईनं त्याच्याकडं रागानं बघितलं, कामात लुडबूड करणाऱ्या पोराकडं बघावं तसं. "डावीकडं तुजा बा हाय," ती म्हणाली. "तिकडं मी का बगू?"

बिरप्पानं गुडघ्यावर बसून सबवूफरच्या मागच्या सगळ्या वायरी एका मुठीत धरल्या आणि उपटल्या.

घर शांत झालं. फुलाबाई दम खात खिडकीकडं बघत राहिली. "सापडली का सगळी?" तिनं खिडकीला विचारलं.

"सापडली," बिरप्पा जमिनीवरून म्हणाला. त्याच्या हाताला भंडारा लागला होता.

"मग आत या की आता."

*

दुसऱ्या दिवशी धम्मप्रिया आली. तिनं फुटलेली काच बघितली, कडीला लटकणारा स्पीकर बघितला. दिपालीनं सगळं सांगितलं. काही हसण्यासारखं होतं, ते ती हसून सांगत होती, पण 'तुजा बा हाय' एवढं सांगून ती चहा टाकायला आत गेली.

"तो मेंदूचा भाग आहे, काका," धम्मप्रिया बिरप्पाला म्हणाली. "त्या तसं म्हणाल्या म्हणजे तेच कारण आहे असं नाही."

"व्हय. डाक्टर बी तसंच म्हनलं हुतं."

तिनं नेहमीचे व्यायाम घेतले. लाल चेंडू उजवीकडून मधे आणला, मधून डावीकडं नेला. फुलाबाईची नजर मधापर्यंत आली आणि थांबली. धम्मप्रियानं पाच वेळा केलं, मग आणखी पाच वेळा. मग चेंडू पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी तिनं चहा घेतला.

चहा संपल्यावर कपाकडं बघत म्हणाली, "काका, तुम्हाला उजवीकडं बसायचं असेल तर बसत जा आता."

बिरप्पानं तिच्याकडं बघितलं. जनावराचा डॉक्टर आधी म्हणतो हे देऊ नका, ते चारू नका. आणि एक दिवस म्हणतो, काय खातंय ते खाऊ द्या. त्या दिवशी धनगर पुढं काही विचारत नाही.

"बरं," तो म्हणाला. आणि जाताना तिला जिन्यापर्यंत सोडून आला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. दिपालीनं भाकरी आणि वरण करून ठेवलं होतं. बिरप्पानं स्टूल घेऊन कडीचा स्पीकर खाली काढला. नागनाथनं वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यातली मागच्या डाव्याची एकच वायर त्यानं शोधून परत खोचली. स्पीकर प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. एवढासा दिसत होता तो. त्यानं घोंगडी खुर्चीच्या पाठीवरून ओढून स्पीकरच्या दोन्ही अंगांनी लपेटली, तोंडाला मोकळं ठेवलं. मग फोन लावला, आवाज अगदी बारीक ठेवला. बिरुदेवनं शिकवलं होतं तसं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल असं.

मग ताट घेऊन तो पलंगाच्या पायथ्याकडून फिरला. बेचाळीस दिवसांनी खिडकीकडच्या बाजूला आला. पाच पावलं होती.

फुलाबाईनं त्याला बघितलं. खूप वेळ बघितलं.

"आलात?"

"आलो."

"वाळलाय लई."

"ऊन हुतं."

"मी म्हनत हुते न्हवं, आत या, आत या." तिनं उजव्या हातानं त्याचा पटका सरळ केला. "मेंढरं?"

"समदी हायेत."

तिनं भाकरी मोडली. एक घास त्याला दिला, एक आपण घेतला. बाहेर कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. चघळता चघळता ती थांबली आणि कपाळाला आठी घातली.

"अवं, तुमी हितं आलाय," ती म्हणाली. "मग डावीकडं कोन हाय?"

बिरप्पानं तिच्या पलीकडं बघितलं.

"हाय एक," तो म्हणाला. "ठेवलाय गडी."

"झोपंल का त्यो?"

"न्हाय. त्याला झोप न्हाय."

आठी गेली. तिनं दुसरा घास मोडला. ताटाचा उजवा अर्धा हळूहळू संपला, डावा तसाच राहिला. बिरप्पानं तो फिरवला नाही, खाल्लाही नाही.

पलीकडं घंटा वाजत होत्या, एकाच बाजूनं, सावकाश, एका ओळीत. चार मिनिटं झाली. घोंगडीतून कुणीतरी खोकलं आणि कळप पुन्हा चालू लागला.